गळती

खडे बाजारातल्या माझ्या या पेटी-दुरुस्तीच्या बोळात
यल्लाप्पा मंडोळकरचा टेनर सॅक्सोफोन पहिल्यांदा आला
तेव्हा तो त्याचा नव्हताच मुळी.
कॅम्पातल्या बँडनं भंगारात काढलेला,
घंटेवर नंबर कोरलेला,
दोन कळा सायकलच्या स्पोकनं बांधलेल्या.
"वाजतंय की," म्हणाला, "खालचा सूर तेवढा येईना."
मी शहापुरातनं बकऱ्याचं कातडं आणलं,
चोवीस गाद्या कापल्या.
पैसे लग्नसराई झाल्यावर देतो म्हणाला. दिले.

त्यानंतर पत्र नाही, काही नाही,
टेनर तेवढा येत राहिला,
लोंढ्याहून रात्रीच्या गाडीनं, घोंगडीत गुंडाळलेला,
आणि मी तोच वाचत गेलो.

गोव्याच्या हॉटेलातली चार वर्षं म्हणजे
मिठानं खाल्लेल्या स्प्रिंगा.
तिथला म्हातारा पियानोवाला त्याला म्हणायचा,
कमी वाजव. अजून कमी. आता ऐक.
डिंक वाळेपर्यंत एवढंच सांगितलं त्यानं,
मध्येच समोरच्या चहावाल्याला कानडीत
साखर जास्त घालायला सांगून.

मग बेंगळूरची ती केसवाली पोरं.
गिटारींच्या भिंतीतून ऐकू जावं म्हणून
त्यानं धातूचा माउथपीस घेतला.
"रबरी कुजबुजतंय, हे बोंब मारतंय."
दोन्ही एकाच कुंद्याच्या डब्यात,
एकाच मोज्याच्या जोडीत. तुपाचा वास
जॅझलाही होता, रॉकलाही.
त्याच सुमारास घंटेला चेप आला:
हुबळीच्या कॉलेजात स्टेजवरनं उडी मारलेली, वाद्यासकट.
मी ठोकून काढला, पुरता निघाला नाही.
"ऱ्हाऊ दे. तिथनं आवाज बरा वळतंय."

जॅझवाले म्हणत, हा ओरडतो.
रॉकवाले म्हणत, हा भलतीकडेच जातो
आणि आम्ही ड्रम बडवत वाट बघत बसतो.
एका कॅसेटवर नाव छापून आलं,
यल्लूचं येलो झालेलं.
रागावला नाही. पितळ पिवळंच की, म्हणाला.
बाकी सगळी दुसऱ्यांची गाणी,
त्यात मोजून सोळा आवर्तनांची जागा,
भाड्याच्या खोलीसारखी.

आता तिसऱ्या गेटाजवळ राहतो.
वडगावच्या बँडमध्ये हळदीची गाणी वाजवतो,
पोरांना रीड जिभेवर भिजवायला शिकवतो.
दिवाळीआधी सिव्हिलमध्ये वरचे पुढचे दोन दात काढले.

काल आला.
"गळती हाय बघ. हवा कुठनं तर जाऊलालीय."
मी शटर अर्धं ओढलं,
वायरीला बांधलेला बल्ब नळीत सोडला.
गळती असेल तिथं गादीच्या कडेनं
नखाएवढा उजेड दिसतो.
एकेक कळ दाबत वरून खाली आलो.
अंधार. चोवीसच्या चोवीस घट्ट.
मग डबा उघडून रबरी माउथपीस चाचपला.
वर दोन खळगे, दातांनी चाळीस वर्षांत पाडलेले.
माझा अंगठा त्यात अर्धाच बसला.

म्हटलं, आहे खरी. डाव्या करंगळीची गादी.
संध्याकाळी ये.

दिवसभर टेनर खुंटीला होता.
मी एकदा फडकं मारलं, चेपाच्या आतूनसुद्धा.

संध्याकाळी त्यानं मान तिरकी केली,
जिकडे दात शिल्लक आहेत तिकडे ओठ दाबला
आणि खालचा सूर आला,
कडेनं फाटलेला, रुंद.
चहावाला गाळणी हातात धरून उभाच.

"आता बरं झालं बघ. किती?"

नेहमीपेक्षा वीस रुपये जास्तच सांगितले.
कमी सांगितले असते
तर त्याला कळलं असतं.