दोन कर्नलांची धुणी

(यॉर्क, १६५९)

राजाचं मुंडकं उडवून दहा वर्षं झाली,
तेव्हापासून धुणंच वाढलंय.

कर्नल डॅकरच्या बाहीवर शाई,
रात्रभर लंडनला पत्रं लिहितो.
स्किपविथच्या सदऱ्याला घोड्याचा घाम,
चार दिवस बूट घालूनच निजतोय म्हणे.

माझ्या पिंपात दोघांचा पीळ पडतो.
सोडवता सोडवता नखं गेली.

परवा मिकलगेटवरचा पहारा बदलला.
काल पुन्हा बदलला.
आज तिथं एक कोंबडी,
तिला कुणी हटकत नाही.

डॅकरचा नोकर येऊन गेला:
त्याचे सदरे त्याला देऊ नकोस.
म्हटलं, माझे पैसे?
म्हणाला, सरकार देईल.

कुठलं, ते विचारायच्या आत
जिना उतरून गेला.

दोरीवर दोन्ही सदरे
एकाच वाऱ्यानं फुगलेले,
बिनडोक्याचे.