काजऱ्याचं काय करायचं

फणस पडला तेव्हा अंगणात
एकदम एवढं आभाळ उतरलं
की सासऱ्यांनी दुपारचा चहा टोपी घालून घेतला.

वीस पावलं लांब, पंधरा रुंद. मी मोजली.
रोहिदास म्हणाला, फोंड्याच्या नर्सरीत पाम आहेत,
पानगळ नाही, मुळं गटारात शिरत नाहीत,
गाडीवर काही पडत नाही.
काही म्हणजे काय, ते तो बोलला नाही.
काही म्हणजे पांढरं, जांभळं, बियांसकट.

मला तेच हवं होतं.

शाणू गांवकर स्कूटरवरून सावईवेऱ्यात आला,
पायाशी ओल्या गोणत्यात रोपं,
आणि एकेकीचा अवगुण आधी सांगत गेला,
स्थळ घेऊन आलेला मामा कधीच सांगत नाही तसा.

पांगाऱ्याला काटे. माघात अंगावर पान राहणार नाही,
पण साळुंक्या, कोतवाल, अगदी कावळेसुद्धा
कपाळाला पराग फासून भांडतील.
उंबर घराला लागून नको,
तुमची भिंत त्याला आवडेल.
मुरुडशेंगेला झाड कोण म्हणेल?
फूल आज तांबडं, उद्या राखी,
आणि तो फरक शिंजिराला आपल्याआधी कळतो.
करवंद कुंपणाला. बुलबुल आत घरटं करील,
तुमचा हात आत जाणार नाही,
मांजराचाही.
अंजनी फार हळू.
"वहिनी, तुम्ही साठीच्या झालात की बघा."
मी अंजनी तीन घेतल्या.

गोणत्याच्या तळाशी एक उरलं होतं.
चकचकीत पान, देठापासून निघालेल्या ठळक शिरा.
शाणूनं ते पायानं जरा मागं सारलं.
हे कसलं?
"काजरा."

सासूबाई न्हाणीतूनच ओरडल्या, दारात विष?
शाणू हळूच म्हणाला, धनेश खातो त्याचं फळ.
गर गिळतो, बी ओकून टाकतो, शर्टाच्या बटणासारखी.
त्याला काही होत नाही.
पण ओसरीवर मिताली चपलेचा पट्टा चघळत होती,
चार वर्षांची,
आणि त्यापुढे कुणी काही बोललं नाही.
शाणूनं काजरा गोणत्यात गुंडाळला,
पैसे मोजले, अंजनीचे थोडे कमी घेतले.

तीन पावसाळे झाले.
मुरुडशेंग शेजारच्या बकरीनं खाल्ली.
दोन अंजन्या मेल्या, तिसरी
गेल्या वर्षी होती तेवढीच आहे, बहुधा.
पांगारा मात्र छपरापार गेला,
आणि रोहिदास गाडी आता रस्त्यावर लावतो,
नाईकांच्या पामखाली.
तिथं खरंच काही पडत नाही.
सकाळी चहा घेऊन तो मात्र पांगाऱ्याखालीच उभा असतो,
विचारलं तर म्हणतो, नेटवर्क इथंच मिळतं.

फाल्गुनात एकदा धनेश आला.
आधी पंखांचा आवाज,
कुणी सुपात भात पाखडावा तसा.
उंबरावर फळ नव्हतं अजून. बसला, चोच घासली,
आम्हा सगळ्यांकडे एका डोळ्यानं बघून गेला.

काल धुण्याच्या दगडामागे रोप दिसलं.
दोनच पानं. शिरा मी ओळखल्या.
कुणी लावलं नाही,
म्हणजे आमच्यापैकी कुणी नाही.

मितालीला बोलावून दाखवलं.
हे तोंडात घालायचं नाही, कधीच नाही,
फळ कितीही नारिंगी दिसलं तरी.
ती उकिडवी बसून बराच वेळ बघत राहिली.
मग आपलं नाहीये का हे?

सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.
कपडे पिळल्यावरचं पाणी सध्या त्या बाजूला ओतते.
साबणाचं नव्हे,
शेवटचं.