जोडलेला दाखवता

सुगंधा खवणेकर दुकानात आली ती भर बाराला,
आणि काचेवर ठेवली तिनं
साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी.
"जोडलेला दाखवता," म्हणाली, "पण आवाज येणा नाय."

फोन मी तिच्या हातातून घेतला नाही.
तोही काचेवर ठेवायला सांगितला.
बोटांना कोळंबीचा वास असणार म्हणून.
नंतर लाज वाटली, पण तेव्हा नाही.

आधी सगळे करतात तेच केलं.
आवाजाची पट्टी टोकापर्यंत नेली,
दोन्ही दाणे डबीत निजवून झाकण लावलं, दहा आकडे मोजले.
मग फोनला सांगितलं: हिला विसर.
लगेच विसरला.
माणसांना हे कुठं जमतं,
असं काहीतरी म्हणणार होतो,
पण तिला दोनच्या पाळीला शेडवर पोचायचं होतं.

पुन्हा ओळख करून दिली.
निळा दिवा. "कनेक्टेड," म्हणाली कानातली बाई,
अगदी स्वच्छ.
म्हणजे घसा शाबूत आहे हिचा.
गाणं लावलं की मात्र
तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी गप्प.

मीठच असेल म्हटलं.
दांडीच्या रस्त्यावर दुकान असलं की
निम्म्या रोगांचं नाव मीठ:
चार्जिंगच्या भोकात, स्पीकरच्या जाळीत,
माझ्या शटरच्या कुलपात तर बारमाही.
जुन्या टूथब्रशनं जाळी घासली.
निघाला एक खवला.
कोळंबीला कुठून खवले?
"बांगड्याचो तो," ती म्हणाली, "काल रातचो."

माझ्या फोनला जोडलं, तर ढोलकी खणखणीत.
म्हणजे दुखणं तिच्या फोनात.
"झिलाचो हा. तेना नवो घेतल्यान नि ह्यो माका दिल्यान."
"ऐकायचं काय असतं? भजनं?"
तिनं मागं वळून बघितलं, दारात कोणी नव्हतं.
"धडे."

सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. दहावी.
चेडू रात्री पुस्तक वाचून रेकॉर्ड करते,
आई दुसऱ्या दिवशी टोपलीभर सोलता सोलता ऐकते.
वायरवाले होते आधी,
वायर बर्फाच्या पाण्यात बुडायची,
म्हणून हे, सहाशे नव्व्याण्णवचे,
आणि आज चौथा दिवस, एक धडा पुढं नाही.

नावापुढचं दातेरी चाक दाबलं.
आत दोन बटणं, एकाखाली एक.
कॉल: चालू.
मीडिया: बंद.
पोरानं कधीतरी बंद करून ठेवलेलं असणार, का ते देव जाणे.
म्हणजे चार दिवसांत एक जरी फोन आला असता
तर वाजलं असतं.
"कोणाचो इलो नाय?"
"माका कोण करतलो? सगळी शेडारच."

बटण उजवीकडे सरकवलं.
एवढंच. नखाएवढं अंतर.

दाणे तिनं पदराला पुसले, कानात बसवले,
आणि उभी राहिली, भिंतीवरच्या कव्हरांकडे बघत,
पण कव्हरं बघत नव्हती.
ओठ हलत होते. मला फक्त पंखा ऐकू येत होता.

"अडाखता गो बाय माझी," ती एकदम ओरडली,
कान भरलेली माणसं ओरडतात तशी,
"निर्वात म्हणाक येणा नाय तिका!"
समोरचा चहावाला वळून बघायला लागला.

"किती झाले?"
"काही नको," मी म्हणालो.
"किती?"
"काही नको, म्हटलं."
तिला कुठलं ऐकू जायला.
कमरेची पिशवी सोडून वीसची नोट काचेवर ठेवली
आणि उन्हात उतरली, ओठ हलवत, जेटीकडे.

नोट ओली होती.
मी ती उचलली, पंख्याखाली धरली.