दुपारचे दोन, नोव्हेंबर

ट्रोम्सोतल्या माझ्या पडद्यावर
बारा महिने जूनच असतो.
सूर्य डावीकडून, काचेवर थोडं सोनं,
सावल्या लांब पण गुणी.
असं ऊन खपतं.
ज्या घराचा पायाही खणलेला नाही
तिथे मी टेबलावर लिंबं मांडून ठेवतो.
पाचच. सहावं ठेवलं की खोटं वाटतं.

वार्डोच्या टोरब्योर्गबाईंचं घरही असंच सजवलं.
अंगणात एक बर्च, संग्रहातला, क्रमांक चाळीस.
पायवाटेवर लाल छत्रीची बाई,
जिला मी आजवर दोन बँका, एक दवाखाना
आणि दफनभूमीच्या नव्या फाटकासमोरून चालवलंय.
फुगा धरलेलं एक पोर.
दिलं पाठवून.

तिसऱ्या दिवशी फोन.
मागे वारा होता की किटली, कळेना.
"चित्र झकास आहे. पण घर कुणाचं?
इथे झाड धरत नाही रे.
आणि ही कोण, छत्रीवाली?
आमच्याकडे छत्री उघडली
तर माणूस रशियात सापडायचा."
मग जरा थांबून,
"जूनमध्ये घर लागतं कुणाला?
मला नोव्हेंबर दाखव. दुपारचे दोन."

रात्रभर मी उजेड काढत बसलो.
आधी सूर्य काढला.
मग ढगांच्या कडेचा गुलाबी,
मग छत्री, पोर, फुगा,
लिंबांवरची चमक, शेवटी लिंबंही.
कमी उजेडाचं चित्र यंत्राला जड जातं,
काळ्यात दाणे दाणे पडतात.
एरवी पुसतो. या वेळी राहू दिले,
भुरभुरत्या बर्फात खपून गेले.
भिंती काळ्या, छप्पर काळं, समुद्र त्याहून.
दारापाशी पायानं रेटायची घसरगाडी,
बाईंनी मुद्दाम सांगितलेली, नवऱ्याची.
आणि स्वयंपाकघराची एक खिडकी,
पंजाएवढी,
पिवळी.

आमचा ब्यार्ते खांद्यावरून बघून म्हणाला,
"हे गिऱ्हाइकाला दाखवणार?"

बाईंचं उत्तर एका ओळीचं:
"हो. हे माझं. दिवा दोन बोटं डावीकडे घे."
सही त्याच कागदावर झाली.

वार्डोला मी कधी गेलो नाही.
दोन वर्षांनी त्यांनी फोटो पाठवला,
हललेला, कोपऱ्यात अंगठा.
काळोख, खिडकी,
दिवा दोन बोटं डावीकडे.
आणि अंगणात, मी पुसून टाकलेल्या
क्रमांक चाळीसच्या जागी,
बर्फात रोवलेली एक काठी.

खाली लिहिलं होतं,
"तुझं ते झाड लावून पाहिलं.
ऑक्टोबरपर्यंतही टिकलं नाही.
बुंधा आहे अजून.
कुत्र्याला बांधायला बरा पडतो."