बाकी

इकाम्यावरचा माझा नंबर दहा अंकी.
पूर्ण सांगत नाही, कुणाला सांगू नये
अशी नोटीस गेटवर चार भाषांत लावलीय.
त्यांत मराठी नाही, तरी पाळतो.
दोनने सुरू होतो, जुबैलमधल्या प्रत्येक परक्याचा होतो तसा.
शेवटी सात.

शेवटी सात, म्हणजे दोन गेला, पाच गेला.
अंकांची बेरीज एकेचाळीस, तीनही गेला.
सातने भागून पाहिलं पंपहाउसच्या लॉगबुकामागे:
चार उरले.
अकरा, तेरा, सतरा, कुणालाच पुरता जाईना.
तिथे नाद लागला.

नऊ वर्षं मंगरूळपीरच्या विनाअनुदानित शाळेत
हेच शिकवलं मी, बिनपगारी:
मूळ संख्या एकाला वाटता येते, किंवा स्वतःला.
मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं,
सर, मग तिचं मूळ गाव?
मी खडू फेकून मारला होता.
इथे दर फॉर्मवर तोच रकाना येतो.

वर्गमूळ अठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास.
त्याखालच्या मूळ संख्या जवळजवळ पाच हजार,
पहिल्या उन्हाळ्यात चाळण लावून
एकेक वेगळी काढली.
आता रात्रीला दहा भागाकार, बॉलपेनने.
कंट्रोल रूममधला इंजिनिअर बटण दाबून
पापणी लवायच्या आत सांगेल.
विचारलं नाही.

एवढ्या मोठ्या आकड्यांत
साधारण बाविसांत एक मूळ निघतो.
आमच्या मजल्यावर खाटा चव्वेचाळीस.
म्हणजे मी धरून दोघे असावेत.
दुसरा कोण?
तिलबहादूर, जो मेसमध्ये भिंतीकडे तोंड करून जेवतो?
त्याचा नंबर आठने संपतो.
खेडचा दाऊद परकार स्वतःच कार्ड पुढे करतो,
मास्तर, माझा चारने. पास का नापास?
संयुक्त, मी म्हणतो.
ते तर आहेच, तो हसतो, एका चुलीवर सतरा माणसं.
सतरा मूळ आहे, हे मी सांगत नाही.

खिडकीखाली समुद्र आत घेतात,
मीठ एकीकडे, पाणी एकीकडे,
पाणी नळातून रियाधला निघतं, पहाट व्हायच्या आत.
एवढ्या मोठ्या समुद्राला भाग जातो,
आणि माझ्या प्लास्टिकच्या कार्डाला जात नाही
अजूनपर्यंत तरी.

त्रेचाळीस हजार ओलांडले. चारेकशे उरलेत.
त्यांतला एखादा शेवटच्या आठवड्यात
नि:शेष भागून जाईल, असंही होऊ शकतं.
तसं झालं तर वाईट वाटेल का,
ते कागदावर काढता येत नाही.

शुक्रवारी फोन. गॅस, फी, सासऱ्यांचा गुडघा,
पत्र्यावर चढलेला भोपळा.
मग ती नेहमीसारखं विचारते, बाकी?
मी वही उघडतो.
एकोणीस हजार चारशे दोन, म्हणतो.
पलीकडे ती थांबते,
आणि पेन शोधते बहुतेक.