सहा नंबरची काठी

पुतण्यानं ओन्टारिओहून काठी पाठवली.
चार तुकड्यांत, हिरव्या कापडी पिशवीत,
सोबत एक चिठ्ठी:
काका, नंबर सहा. दोरीही सहाचीच लावा.
बास माशाला पुरते. स्मॉलमाउथ.
बाकी काही नाही. सही नाही, खुशाली नाही.

स्मॉलमाउथ. म्हणजे लहान तोंडाचा.
मला हसू आलं.
लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस,
असं सुहृदला आम्हीच सांगायचो
नेरुळच्या घरात, तो अकराचा असताना,
जगातल्या नद्या मोजायचा तेव्हा.

मी तीस वर्षं रबाळ्याच्या कारखान्यात
प्रेशर गेजांचे काटे शून्यावर आणले.
गेज बहुधा चुकीचं नसतं,
चुकीच्या नळीला लावलेलं असतं.
म्हणून आधी सगळं समजून घेतलं.
आपल्या साध्या गळाला शिसं असतं,
शिसं पुढे जातं, दोर मागून फरफटतो.
इथे उलटं. वजन दोरीच्याच पोटात,
आणि टोकाला जवळजवळ काहीच नाही,
एक पीस, एक गरी, थोडी थाप.

पीस दिवाळ्याच्या बाजारातल्या कोंबड्याचं.
चमक बायकोच्या जुन्या शालूच्या जरीची
(तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही).
गाठीवर तिचंच नेलपॉलिश.
पाचव्या प्रयत्नात ते कोलंबीसारखं दिसू लागलं,
निदान मला, चष्मा काढल्यावर.

अष्टमीची भांग. खाडी आळसावलेली.
चिखलात निवट्या उड्या मारत होत्या,
धाकलू नाखवा होडीला डांबर फासत होता.
पहिली फेक तिवरात.
दुसरी तिवरात.
तिसरी माझ्याच टोपीत.
"वारा पकरतंस का रं?"
मग हात पुसत आला, काठी वाकवून पाहिली,
वाक कुठपर्यंत उतरतो ते बघितलं,
आणि दुकानदारानं विचारायला हवं ते विचारलं:
"मावरं कंचं?"

बास, मी म्हणालो.
धाकलूनं बास पाहिलेला नाही. मीही नाही.
इथे जिताडा, म्हणाला,
त्याच्या तोंडात तुझी मूठ जाईल.
"काठी पोराची, मावरं बापाचं."
आणि परत डांबराकडे.

मागे बघायचं, मग पुढे. दोरीला मागे पूर्ण उलगडू द्यायचं.
घाई केली की चाबूक वाजतो आणि पीस गळून पडतं.
तीन रविवार एवढंच शिकलो.
चौथ्या रविवारी, पाणी फिरताना, उघाडीच्या तोंडाशी
दोरी ताणली गेली.
ओढली नाही कुणी, नुसती ताणली गेली.
मग रीळ किंचाळलं.
काठी मुठीपर्यंत वाकली,
काटा शून्यावरून लाल रेषेपलीकडे,
आणि पाण्यात एक कल्हई केलेली परात उलटी झाली.
एवढंच दिसलं.

सगळं सैल.

धाकलू म्हणाला, सांगितलं होतं, काठी पोराची.
पण मी टोक हातात घेऊन बघत बसलो.
तिथे डुकराच्या शेपटीसारखा पीळ होता.
दोर तुटला असता तर टोक सरळ असतं.
पीळ म्हणजे गाठ सुटलेली.
काठीचा दोष नाही, नंबराचा नाही.
गाठ माझी होती.

घरी रीळ नळाखाली धुतलं, खारट पाणी पितळ खातं म्हणून.
कॉर्कच्या मुठीवर अंगठ्याचा एक खड्डा आहे.
माझा अंगठा त्यात बसत नाही, थोडा बाहेरच राहतो.
बरीच वर्षं कुणीतरी तिथे दाबून धरलेलं.

फोन लावला. तिकडे सकाळ.
गाठीचं सांगितलं.
तो इतका वेळ बोलला नाही की मला वाटलं, लाइन गेली.
मग म्हणाला, काका, ओढण्याआधी ओली करता का?
थुंकी लावायची. कोरडी ओढली की दोर भाजतो.
बरं, म्हटलं.
मग तू आता नदीवर काय घेऊन जातोस,
हे विचारायचं होतं.
दोरीचं टोक घेतलं. पाच वेढे दिले.
जिभेला लावलं.
"बसली?"
थांब, म्हटलं.
तो थांबला.