पाव पीळ

बोनेटला काठी लावून पांचाल म्हणाला,
"ताई, जरा टॉर्च धरा."
सियागंजामागची गल्ली, मंगळवार, सकाळचे अकरा.
सँट्रो दिघे वकिलांची, सन दोन हजार सहा.
रंग त्यांच्या मते चंदेरी,
माझ्या मते धुऊन धुऊन विटलेलं अस्तर.

टायमिंग बेल्ट नवाच आहे, वकील म्हणाले होते,
गेल्या दिवाळीत बदलला.
बिल मागितलं तर म्हणाले,
"अहो, लोकमान्य नगरात राहतो आम्ही."
जणू तोही पावतीचाच एक प्रकार.

दहाचा पाना.
काळ्या झाकणाचे बोल्ट त्याने एकेक करून माझ्या हातावर ठेवले,
मी ते पर्समधल्या हुकांच्या डबीत टाकले.
आत पट्टा, दातेरी,
खालचं चाक वरच्याशी बांधून ठेवणारा.
खालचं दोनदा फिरतं तेव्हा वरचं एकदा,
एवढ्या बोलीवर सगळी गाडी चालते.
दात घसरले तर
वॉल्व्ह खाली येतो, पिस्टन वर जातो,
दोघं एका जागी, एकाच वेळी.
"फिर इंजन नहीं भिया, भंगार."
(भिया म्हणजे मी नव्हे.
इंदुरात वाक्यालाच भिया म्हणतात.)

जिथे पट्टा सर्वांत लांब मोकळा, तिथे मधोमध
त्याने दोन बोटांत धरून पिळला.
पाव पीळ गेला तर बरोबर.
अर्धा गेला तर ढिला.
हा पावही जाईना.
"कड़क है," म्हणाला, आणि बाजूला झाला.
"आप देखो."

माझी बोटं एकतीस वर्षं
शिलाई मशीनच्या चामडी पट्ट्यावर.
ढिला असला की टाका सुटतो,
कडक असला की चाक जड,
संध्याकाळी पोटऱ्या भरून येतात.
मी पिळून पाहिला. मग पाठ चाचपली.
छापलेली अक्षरं गेलेली,
दातांच्या मुळाशी केसाएवढ्या भेगा.
पट्टा जुनाच होता.
नुसता ओढून बसवला होता.

हे काम मला येतं.
सलवारीचं इलॅस्टिक गेलं, नवं तीस रुपये,
बाई म्हणते राहू दे,
मी जुनंच आतून ओढते, गाठ मारते,
वरून दोन टाके.
घ्या, झालं नव्यासारखं. दहा रुपये.
सुदामा नगरच्या वनमाला जोगळेकर
परत आल्या होत्या एकदा,
पदर बाजूला करून
कमरेवरचा लाल वळ दाखवला,
बोलल्या काहीच नाहीत.

वकिलांवर चिडायचं म्हणून फोन लावला.
नीट जमलं नाही.
"पट्टा, टेन्शनर, मजुरी. साडेचार हजार कमी करा."
"अहो, पण घट्ट आहे ना?"
"घट्टच आहे," मी म्हटलं.
ते चारवर आले.
वरचे पाचशे मी सोडले,
कशाचे ते सांगितलं नाही.

नवा पट्टा हातात घेतला तर
रबराचा वास, नव्या चपलेसारखा.
पांचालने खुणेला खूण लावली,
टेन्शनरचा बोल्ट सैल सोडला,
स्प्रिंगने आपापला ताण घेतला,
मग आवळला.
मी किल्ली काढली.
"चाबी नहीं. पहले हाथ से."
पाना खालच्या पुलीवर चढवून
माझ्याकडे दिला.
घड्याळाच्या दिशेने, सावकाश,
कुठे अडलं तर तिथेच थांबायचं.
एक फेरी. खांदा दुखला.
दुसरी.
वरच्या चाकावरचा ठिपका फिरत आला
आणि आपल्या खाचेसमोर उभा राहिला.
मग पुन्हा दोन बोटं.
पाव पीळ. त्यापुढे नाही.

रात्री ब्लाउजला हुक लावताना
डबीत एक बोल्ट सापडला.
उद्या महूला माल पोचवायचाय.
आधी पांचालकडे.